बेल वाजवत राहिलेल्या काकूंना

काकू, खरं तर हे तुमच्या घरी येऊन बोलायला हवं होतं, पण समोर आले की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. आता बदलून दाखवा विषय.

गेल्या डिसेंबरची सुट्टी, घरात पाहुणे, एका खोलीत आम्ही 7 जण आणि आमची मनी. थंडी म्हणजे हाडं गोठवणारी. ह्यांनी अंगणात कोळशाची शेगडी पेटवली, निखारे लालभडक होऊन धूर पूर्ण थांबला आणि मग ती आत आणून ठेवली, कारण सगळ्यांचा ठाम समज की धूर नाही म्हणजे धोका नाही. दारं खिडक्या बंद, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबलेला (तो मीच कोंबला, कबूल), आणि पत्त्यांचा डाव रंगलेला.

आधी सासूबाईंचं डोकं जड झालं, मग माझं, मग मुलाला मळमळायला लागलं. आम्ही म्हटलं जागरण झालंय, खाणं जास्त झालंय. मनी शेगडीपाशी पसरली होती, हाक मारली तर कानसुद्धा हलवेना, आणि आम्ही कौतुकाने म्हणतोय बघा ऊब मिळाली की कशी गाढ झोपते. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

तुम्ही आलात ते फक्त किल्ली न्यायला, कारण दुसऱ्या दिवशी आम्ही ट्रिपला निघणार होतो आणि मनी तुमच्याकडे राहणार होती. बेल ऐकू आली होती हो, पण उठायची ताकदच नव्हती, प्रत्येकाला वाटलं दुसरं कोणीतरी उठेल. कोणीही असतं तर झोपले असतील म्हणून परत गेलं असतं. तुम्ही वाजवतच राहिलात, शेवटी हे भिंतीला धरत धरत उठले.

आत येऊन तुम्ही एकच विचारलंत, "सगळ्यांचं डोकं एकदमच कसं दुखतंय? ताप आहे का कुणाला?" ताप कुणालाच नव्हता. पुढची दोन मिनिटं मला तुकड्या तुकड्यांत आठवतात, तुम्ही ओरडताय, सगळे अंगणात, मनी तुमच्या शालीत. बाहेर आल्यावर ह्यांनी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर काढलं, 98 दाखवलं, म्हणाले नॉर्मल तर आहे, आणि तुम्ही ते मशीन त्यांच्या हातातून अक्षरशः काढून घेतलंत. "ह्याला काय कळतंय, गाडी काढा!" म्हणालात आणि गाडी दुसऱ्या कुणाला तरी चालवायला लावलीत.

नंतर डॉक्टरांनी तेच सांगितलं. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो आणि साध्या ऑक्सिमीटरला ह्या दोघांतला फरकच कळत नाही, म्हणून आकडा छान दिसतो. धुराशिवायचा निखारा तो सोडतच असतो. सगळ्यांना मास्क लावून ऑक्सिजन दिला, मनीला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे. ते म्हणाले छोट्या जिवांचा श्वास भरभर चालतो म्हणून त्यांना बऱ्याचदा आपल्याआधी त्रास होतो. म्हणजे मनी आम्हाला सांगतच होती की.

तुम्हाला हे सगळं कसं माहीत ते तुम्ही नंतर मला एकटीला सांगितलंत. ते इथे लिहीत नाही, ते तुमचं आहे.

ट्रिप अर्थातच रद्द. दोन दिवसांनी तुम्ही घरभर इन्स्पेक्टरसारख्या फिरलात ते मात्र लिहिणारच. एक्स्टेन्शन बोर्डला लावलेला हीटर काढून थेट भिंतीच्या सॉकेटला लावलात, पडद्यापासून चांगला मीटरभर लांब. पाहुण्यांनी आणलेला लिलीचा गुच्छ उचलून नेलात, मला तर रागच आला होता, मग कळलं की लिलीचे पराग अंगाला लागून मांजरीने नुसते चाटले तरी तिची किडनी जाऊ शकते, फुलदाणीतलं पाणीसुद्धा विषारी. आणि मी ट्रिपच्या तारखा आधीच स्टेटसला टाकल्या होत्या त्यावरून जी बोलणी बसली ती बसलीच.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आता बेडरूमच्या बाहेर आहे. हे म्हणत होते धुराचा आहे की आपल्याकडे, तो पुरे, पण धुराच्या अलार्मला हा गॅस कळत नाही हे आता तेच सगळ्यांना सांगत फिरतात, जसं काही स्वतःच शोधून काढलंय! शेगडी अंगणातच, तिच्यात कोरफड लावलीय.

ह्या वर्षी ट्रिप नक्की आहे, तारीख स्टेटसला टाकलेली नाही, तुम्हाला घरी येऊन सांगेन. मनी तुमच्याकडेच. किल्ली न्यायला याल तेव्हा मी दार मुद्दाम जरा उशिरा उघडणार आहे, बेल वाजवत राहा.