न्गुगींना शिक्षा झालीच नव्हती: ऑडिओ चरित्रातील चुकांबाबत तक्रार

प्रति,
संपादकीय प्रमुख व ग्राहक सेवा विभाग

विषय: केनियाचे कादंबरीकार न्गुगी वा थिओंगो यांच्यावरील भागातील चुका दुरुस्त करण्याबाबत

महोदय,

मी आपल्या अ‍ॅपचा वार्षिक वर्गणीदार आहे. जागतिक लेखकांवरील मराठी मालिकेतला न्गुगींचा भाग ऐकल्यावर मी अ‍ॅपमधूनच तक्रार नोंदवली होती. त्यावर 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, माहिती विविध स्रोतांतून घेतलेली असते' असे उत्तर आले आणि सोबत पुढच्या वर्गणीवर सवलतीचे कूपन. कूपन नको. न्गुगी तुरुंगात का आणि कसे गेले, तेवढे बरोबर सांगा.

आपला निवेदक म्हणतो की सरकारविरोधी कादंबरी लिहिल्याबद्दल 1977 मध्ये न्गुगींवर राजद्रोहाचा खटला चालला, न्यायालयाने त्यांना वर्षभराची शिक्षा ठोठावली आणि ती भोगून ते सुटले. खटला चाललाच नाही. आरोपपत्रच नव्हते, तर न्यायालय कुठून येणार? डिसेंबर 1977 च्या अखेरीस पोलिसांनी त्यांना रात्री घरातून उचलले आणि सार्वजनिक सुरक्षेच्या कायद्याखाली कामिटीच्या तुरुंगात स्थानबद्ध केले. मुदत कुणीच सांगितली नव्हती. ऑगस्ट 1978 मध्ये राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा वारले, त्यांच्या जागी डॅनिएल अराप मोई आले आणि डिसेंबरात त्यांनी राजकीय स्थानबद्धांना सोडले. न्गुगी बाहेर आले ते असे. त्यांची विद्यापीठातली नोकरी मात्र त्यांना परत मिळाली नाही.

हा फरक मराठी श्रोत्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आणीबाणीत मिसाखाली येरवड्याला आणि नाशिक रोडला डांबलेल्या माणसांच्या आठवणी आपल्याकडे घराघरांत आहेत. त्यांना कुणी 'शिक्षा भोगलेले' म्हटले असते, तर आपल्या कार्यालयातला फोन दिवसभर खाली ठेवता आला नसता. केनियातून फोन येणार नाही, हे खरेच. पण जो आरोप ठेवायची तसदी केनियाच्या सरकारने कधी घेतली नाही, तो आपण जवळजवळ पन्नास वर्षांनी फुकटात सिद्ध करून दिला आहे.

आता त्या कादंबरीविषयी. 'पेटल्स ऑफ ब्लड' ही इंग्रजीतली कादंबरी आहे आणि स्वातंत्र्यानंतर गब्बर झालेल्या केनियातल्या नव्या मालकवर्गाला तिने सोललेले आहे. तरीही जुलै 1977 मध्ये नैरोबीत तिचे प्रकाशन झाले ते तेव्हाचे अर्थमंत्री म्वाई किबाकी यांच्या हस्ते. हेच किबाकी पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. मंत्र्याने प्रकाशित केलेल्या पुस्तकापायी लेखक सहा महिन्यांत गजाआड जातो, हे आपल्या संहितालेखकाला जरा तरी खटकायला हवे होते. कादंबरीचा राग सरकारच्या मनात नव्हताच, असे माझे म्हणणे नाही. पण मधल्या महिन्यांत काय घडले ते पाहा.

लिमुरूजवळ कामिरीथू हे न्गुगींचे गाव. तिथल्या शेतकऱ्यांनी, चहामळ्यांतल्या मजुरांनी आणि बाटाच्या कारखान्यातल्या कामगारांनी स्वतःच्या हातांनी उघड्यावरचे नाट्यगृह उभारले. तिथे गिकुयू भाषेत 'न्गाहिका न्देंदा' हे नाटक झाले. ते दोघांनी लिहिले: न्गुगी वा थिओंगो आणि न्गुगी वा मिरी. तालमी सगळ्यांसमोर चालत. आपण असे बोलत नाही, म्हाताऱ्याच्या तोंडी ही भाषा शोभत नाही, असे गावकरी सांगत आणि संवाद बदलत. जमिनी कुणी बळकावल्या आणि मजुरी किती मिळते, हे ज्यांच्यावर बेतले होते तेच रंगमंचावर उभे राहून म्हणत होते. ऑक्टोबरात प्रयोग सुरू झाले, नोव्हेंबरात परवाना रद्द झाला आणि डिसेंबरअखेर अटक झाली. 1982 मध्ये सरकारने ते नाट्यगृहही पाडून टाकले. इंग्रजी कादंबरी मंत्र्यांच्या दिवाणखान्यात चालत होती. गावाने गावाच्या भाषेत केलेले नाटक चालले नाही. माझ्या मते न्गुगींच्या आयुष्यातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, आणि आपल्या भागात तिच्या वाट्याला एवढेच आले आहे: 'गावातल्या हौशी मंडळींसाठी त्यांनी एक छोटे नाटकही लिहिले.' न्गुगी वा मिरी यांचा तर पत्ताच नाही. एकच नाव चुकून दोनदा आले, असे समजून कुणी कात्री लावली असेल काय?

याच गोंधळातून पुढची चूक आली आहे. तुरुंगात टॉयलेट पेपरवर लिहिलेली कादंबरी म्हणजे 'पेटल्स ऑफ ब्लड', असे आपण सांगता. ती तर अटकेआधीच छापून आली होती! टॉयलेट पेपरवर उतरली ती गिकुयूतली त्यांची पहिली कादंबरी. ती 1980 मध्ये प्रकाशित झाली आणि नंतर त्यांनी स्वतःच तिचा 'डेव्हिल ऑन द क्रॉस' हा इंग्रजी अनुवाद केला. (कैद्यांना त्रास व्हावा म्हणून तो कागद खरखरीत असे, लेखणीला मात्र तो मानवला, असे न्गुगींनीच लिहून ठेवले आहे. असले काही सांगितले असते तर श्रोते कान टवकारून ऐकत राहिले असते.) यापुढच्या कादंबऱ्या त्यांनी आधी गिकुयूतच लिहिल्या. आपल्या निवेदनात मात्र ते अखेरपर्यंत 'इंग्रजी कादंबरीकार'च राहतात.

बाकीचे थोडक्यात. न्गुगींना नोबेल मिळाले नाही. त्यांचे नाव दरवर्षी चर्चेत असे, इतकेच. 1986 चे नोबेल नायजेरियाच्या वोले सोयिंका यांना मिळाले, आणि अ‍ॅपवर न्गुगींच्या नावाखाली झळकणारे छायाचित्रही सोयिंकांचेच आहे. तो पांढराशुभ्र केशसंभार ओळखायला साहित्याचा अभ्यास लागत नाही. 1982 पासून परदेशात राहिलेले न्गुगी 'मायदेशी पुन्हा कधीच गेले नाहीत' हेही खोटे: ऑगस्ट 2004 मध्ये ते केनियात परतले होते, आणि तिथेच त्यांच्यावर व त्यांच्या पत्नीवर सशस्त्र हल्ला झाला. 'सध्या ते कॅलिफोर्नियात शिकवतात' असेही आपण म्हणता. न्गुगी 28 मे 2025 रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात वारले.

या भागाखाली 'स्पर्धा परीक्षांसाठी उपयुक्त' अशी पट्टी आहे. ती आजच काढावी.

माझ्या मागण्या अशा. भाग तूर्त मागे घ्यावा आणि जाणकाराकडून तपासून नव्याने ध्वनिमुद्रित करावा. जुन्याच्या जागी नवा गुपचूप सरकवू नये. ज्यांनी आधीचा ऐकला आहे त्यांना अ‍ॅपवर सूचना जावी आणि काय चुकले होते ते तिच्यात लिहिलेले असावे. संहिता कुणी तपासली, की कुणीच तपासली नाही, हेही कळवावे. कारण याच मालिकेतले बाकीचे भाग मी पैसे भरून ऐकले आहेत आणि त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा ते मला ठरवायचे आहे. तीस दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, 1915 या क्रमांकावर, तक्रार नोंदवीन.

आपला,
एक वर्गणीदार

सोबत: चुकीची विधाने भागात कुठे येतात त्याची यादी, अ‍ॅपवरील उत्तराची प्रत