घाट बंद आहे, हे नकाशालाही कळू द्या

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

वारीच्या दिवसांत आजारी सासऱ्यांना सासवडहून पुण्याला आणत होतो. मोबाइलवरच्या नकाशाने दिवे घाटाचा रस्ता दाखवला, तोही मोकळा. झेंडेवाडीच्या अलीकडे बॅरिकेड लागलेले. "दादा, माउलींची पालखी चढतीय. मागं फिरा, बोपदेवनं जा," हवालदार म्हणाले. सासरे मागच्या सीटवर कण्हत होते आणि आम्ही आलो तसे परत निघालो.

पालखीबद्दल माझी तसूभरही तक्रार नाही. ती घाट कधी चढणार हे पंचांगावरूनच ठरते, आळंदीपासून पंढरपूरपर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. नकाशाला मात्र ते कुणी सांगितलेले नव्हते.

रस्त्यावरच्या गाड्यांमधले फोन आपली जागा आणि वेग कळवत राहतात. गूगल २००९ पासून त्यावरूनच गर्दीचा अंदाज बांधते. पण फोन वेग सांगतो, कारण सांगत नाही. २०२० मध्ये सायमन वेकर्ट या कलाकाराने बर्लिनमध्ये हातगाडीवर ९९ फोन ठेवून ती रस्त्याने ओढत नेली, तर रिकामा रस्ता नकाशावर लाल झाला. बंद घाटात याच्या नेमके उलट घडते. गाड्याच नाहीत म्हणजे ताजी माहिती नाही. मग अंदाज एरवीच्या वेगावर बांधला जातो, आणि बंद रस्ता मोकळा दिसू शकतो.

ही उणीव पोलिसांच्या एका कागदाने भरून निघेल. वाहतूक बदलाचा आदेश तुमचे अधिकारी काढतातच, वर्तमानपत्रात तो छापूनही येतो. पण 'अमुक चौक ते तमुक फाटा' हे वाक्य यंत्राला वाचता येत नाही. म्हणून आदेशावर सही होताच रस्त्याचे अक्षांश-रेखांश, बंद-सुरूची वेळ आणि वाहनाचा प्रकार एका खुल्या सरकारी संकेतस्थळावर टाकायला सांगा. तिथून कोणत्याही कंपनीला ते फुकट उचलता यावे. वाहनाचा प्रकार फार महत्त्वाचा. पावसाळ्यात वरंध घाट कधी फक्त अवजड वाहनांना बंद असतो, तेव्हा भोरहून महाडला निघालेल्या ट्रकवाल्याला ते भोरमध्येच कळायला हवे. आणि रस्ता ठरल्याआधी खुला झाला, तर तेही त्याच मिनिटाला तिथे चढावे.

सुरुवात पुढच्या वारीत दिवे घाटापासून करा. त्यानंतर अनंत चतुर्दशीला लक्ष्मी, टिळक, केळकर आणि कुमठेकर रस्ते आहेतच. त्या दिवशीही पेठांमधून कुणाला तरी दवाखान्यात न्यावे लागते.

आपला नम्र,
पुण्यातील एक वाहनचालक