छकुले, इथ्रोचंही ऐक

चि. छकुलीस,
प्रभू येशूच्या नावाने अनेक आशीर्वाद.

तू जिन्यात चक्कर येऊन पडलीस हे मला दादाकडून कळलं. तुला विचारलं तर "काही नाही गं आई" म्हणालीस, आणि मग त्या आजींसाठी तू रात्री जागतेस त्यावरून आपलं वाजलंच. "क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे, हे तूच पाठ करून घेतलंस ना?" असं म्हणून तू फोन ठेवलास. हो, मीच घेतलं. शब्बाथशाळेच्या बक्षिसासाठी याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय तुझ्याकडून घोकून घेतला होता. अंगावर वस्त्र नाही, पोटाला अन्न नाही अशा भावाबहिणीला कोणीतरी नुसतं "सुखाने जा, ऊब घ्या" म्हणतो, तिथे तू अडलीस. "मग कपडे दिलेच नाहीत त्याने?" असं विचारून रडायला लागलीस. पुढची वचनं काही तुझी पाठ झाली नाहीत. बक्षीस दुसऱ्या मुलीला गेलं आणि बाबा मात्र तुझा तो प्रश्न येईल त्या माणसाला सांगत सुटले.

फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून हे पत्र. झोपेचं विचारायचं नाही असं ठरवून लिहायला बसले आहे.

अंथरुणाला खिळलेल्या त्या आजींचं तू करतेस याचा मला किती अभिमान वाटतो, ते मी तुला नीट सांगितलेलंच नाही. ऑफिस सुटल्यावर थेट त्यांच्याकडे जायचं, त्यांना पुसून काढायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं. रक्ताचं नातं असलेली माणसंही इथे मागे सरतात. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू म्हणतो, मी आजारी होतो तेव्हा तुम्ही माझा समाचार घेतला. आणि ते नीतिमान लोक चकित होऊन विचारतात, प्रभू, तू आजारी असताना आम्ही तुला कधी पाहिलं? त्यांनी हिशेब ठेवलेलाच नव्हता. तूही ठेवत नाहीस, ते मला ठाऊक आहे. पण दर दोन तासांनी म्हणजे रात्रीसुद्धा ना गं? मग तू झोपतेस कधी?

विचारलंच शेवटी.

भांडताना तू फादर डेमियनचं नाव घेतलंस. १८७३ साली ते हवाईतल्या मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांमध्ये गेले, त्यांच्या जखमा धुतल्या, त्यांची घरं बांधली, त्यांच्यासाठी थडगी खणली, आणि १८८९ साली त्याच रोगाने गेले. त्यांच्यापुढे मी मान लववते. पण त्यांनी आपल्या वरिष्ठांकडे मदतनीस पाठवा म्हणून पुन्हा पुन्हा मागणं केलं होतं, हेही लक्षात घे. एकट्याने करण्यात त्यांना काही भूषण वाटत नव्हतं. आणि त्यांच्या मृत्यूच्या काही महिने आधी, नोव्हेंबर १८८८ मध्ये, त्याच वस्तीत मदर मेरिअन कोप आल्या. त्यांनी आपल्याबरोबरच्या धर्मभगिनींना सांगितलं होतं की तुमच्यापैकी कुणालाही हा रोग होणार नाही. हात धुण्याचे, स्वच्छतेचे नियम त्या कडकपणे पाळायला लावत. खरोखरच एकाही धर्मभगिनीला कुष्ठरोग झाला नाही. मदर मेरिअन १९१८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं, तिथे काम करत राहिल्या. रोगी तेच होते, प्रेमही कमी नव्हतं. मला तू मदर मेरिअनसारखी व्हायला हवी आहेस. आईचा स्वार्थ म्हण हवं तर.

पंडिता रमाबाईंचं चरित्र तू दुष्काळातून वाचवलेल्या मुलींसाठी वाचतेस. मी वाचते तेव्हा १९२१ सालाशी येऊन थांबते. मनोरमाबाई त्या वर्षी गेल्या, मुक्ती मिशनच्या कामात आईचा उजवा हात असलेली एकुलती एक लेक. पुढच्याच वर्षी रमाबाई गेल्या. हे लिहायचं नव्हतं मला.

बरं, निर्गम अठरा काढ. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचा न्याय करत बसतो, रांग संपत नाही. त्याचा सासरा इथ्रो ते बघतो आणि म्हणतो, तू करतोस हे बरं नाही, तू आणि तुझ्याबरोबरचे हे लोक, सगळेच थकून जाल. काम चुकीचं आहे असं तो म्हणत नाही. पण मोशे थकला की लोकांचेही हाल होणार, हे त्याला दिसतं. छकुले, तू आजारी पडून अंथरूण धरलंस तर त्या रात्री आजींना कुशीवर कोण वळवणार? प्रेषितांच्या कृत्यांत विधवांच्या रोजच्या वाटपाची आबाळ होऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी रात्रीचा दिवस केला नाही. स्तेफनासह सात जण निवडले आणि काम त्यांच्या हाती सोपवलं. प्रभूच्या दाखल्यातला चांगला शोमरोनीसुद्धा वाटेत पडलेल्या जखमी माणसाला उतारशाळेत नेतो, रात्रभर त्याची काळजी घेतो, आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रक्षकाला दोन दीनार देऊन आपल्या वाटेने जातो. परत येईन, जास्त खर्च झाला तर भरेन, असं सांगून जातो. त्याने दुसऱ्याच्या हातावर विश्वास टाकला. आपला प्रभूदेखील पहाटेच उठून एकांतात प्रार्थनेला गेला, आणि "सगळे तुला शोधत आहेत" असं शिमोन म्हणाला तेव्हा तो माघारी वळला नाही, पुढच्या गावांकडे निघाला.

प्रवचन झालं. क्षमा कर. बाबा असते तर त्यांनी हे सगळं न बोलता केलं असतं.

त्यांना मंडळीत उभं राहून साक्ष देणं कधी जमलं नाही. पण कामाला आलेल्या माणसाची मजुरी सूर्य मावळायच्या आत त्याच्या हातात पडलीच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. लेवीयात लिहिलं आहे म्हणायचे, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवायची नाही. घरात पैसे नसले तर उसने आणून द्यायचे. आणि तो रविवार आठवतो? प्रभुभोजनाच्या आधीच उठले आणि थेट काकांच्या दारात जाऊन बसले. काकांनी बराच वेळ कडी काढली नाही. दोघांत काय बोलणं झालं ते मला त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही, पण दादाच्या लग्नात काका पहिल्या रांगेत होते. आणि हेच बाबा रविवारी दुपारी डोक्यावरून चादर ओढून झोपायचे. कुणीही येवो, उठायचे नाहीत. देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला तो आपल्याला दाखवायलाच, असं म्हणायचे.

आत्या मात्र दुसऱ्यांचं करता करता कधी निजली नाही. शेवटच्या वर्षात ती प्रार्थनाही करेनाशी झाली होती, तुला आठवत असेल. तुझी चालण्याची ढब अगदी तिचीच आहे. तू दारातून बाहेर पडतेस तेव्हा माझ्या काळजात लक्क होतं.

रागावू नकोस, पण मी तुझ्या पाळकबाईंशी बोलले आहे. तुमच्या मंडळीत एक निवृत्त नर्स आहेत. मंगळवारची आणि गुरुवारची रात्र त्या घेतील. आजींना नवा माणूस रुचणार नाही, म्हणून पहिल्या रात्री तू नुसती बाजूला बस. तू एकटीने सगळं पेललंस म्हणून आपली लाज राखली गेली, असं मला कधीच वाटणार नाही. आणि आज ना उद्या तुला दुसऱ्या गावी जावं लागलं, तर आजींपाशी ओळखीचे हात असायला हवेत.

शुक्रवारची रात्र माझी. मी येते आहे. माझी कंबर अजून धड आहे. उशी कुठे लावायची, खांद्याला धरायचं की कमरेला, ते मला करून दाखव, आणि त्यांच्या औषधांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लाव, मला बारीक दिसत नाही. त्याआधी डॉक्टरांना भेटून रक्त तपासून घे. रिपोर्ट दादाला नको, मला पाठव.

तुझी,
आई