नळी, आटे आणि बाबांसाठी एक काम

वडाळा, मुंबई

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, परवा "तुला दुसरं काही मिळालं नाही का, बंदुकीचंच काम?" म्हणालीस आणि फोन बाबांच्या हातात दिलास. म्हणून लिहूनच कळवते. मी बंदुका बनवत नाही, हातातही धरत नाही. एका कारखान्याने रायफलच्या नळीत सुधारणा केली आहे, तिच्या पेटंटचा अर्ज लिहिते. कारखाना कुठला, सुधारणा काय, हे विचारू नका. अर्ज 18 महिने सहसा प्रसिद्ध होत नाही, आणि संरक्षणाचा विषय निघाला तर पेटंट कायद्याच्या कलम 35 खाली पेटंट ऑफिस तो झाकून ठेवायलाही सांगू शकतं. 2024 ला पॅरिसमध्ये आपल्या स्वप्नील कुसाळेला ब्राँझ मिळालं तेव्हा तू गल्लीभर साखर वाटलीस. त्याच्याही रायफलला नळी असतेच की!

बाबा, पुढचं तुमच्यासाठी. नळीत आतून पीळदार खाचा असतात, त्यांच्यामुळे गोळीला फिरकी मिळते. भोवरा फिरतोय तोवर उभा, तसंच लांबट गोळीचं. फिरकी कमी पडली की ती हवेत कोलमडते. पीळ किती घट्ट घ्यायचा, सगळी मेख तिथे आहे. 1853 च्या एन्फील्डला 78 इंचांत एक फेरा आणि नळी 39 इंच, म्हणजे बाहेर पडेपर्यंत गोळीचा जेमतेम अर्धा फेरा. (1857 ला ज्या काडतुसांवरून भडका उडाला, ती याच रायफलची.)

तिच्याहून सरस नळी कुणी काढली असेल? जोसेफ व्हिटवर्थने. होय, तुमच्या बीएसडब्ल्यू, म्हणजे ब्रिटिश स्टँडर्ड व्हिटवर्थ आट्यांवाला! उद्यमनगरात लेथवर ज्याचे आटे पाडण्यात तुमची हयात गेली, तोच. त्याने बोअर, म्हणजे नळीचं आतलं भोक, षटकोनी केलं, पीळ 20 इंचांवर आणला आणि 1854 ला पेटंट घेतलं. चाचणीत एन्फील्डला धूळ चारली. तरी लष्कराने ती घेतली नाही. महाग पडायची, आणि काळ्या दारूची (बंदुकीच्या, आई) काजळी त्या बारक्या बोअरमध्ये साचायची.

काजळीवर तोड म्हणून मेटफर्ड नावाच्या इंजिनिअरने उथळ, गोलसर खाचा काढल्या. 1888 च्या ली-मेटफर्ड रायफलमध्ये त्या आल्या, आणि पाठोपाठ कॉर्डाइट ही नवी दारू आली. धूर नावाला, पण आच जबर. खाचा भराभर झिजायला लागल्या. 1895 ला पाच खोल, चौकोनी खाचांची ली-एन्फील्ड आली तेव्हा कुठे निभावलं. मला मेटफर्डचं वाईट वाटतं. त्याचं गणित चोख होतं, दारूच बदलली.

आता माझी अडचण. पेटंट मिळायला सुधारणा नुसती नवी असून भागत नाही. त्या कामातल्या जाणकार माणसाला ती सहज सुचण्यासारखी नसावी, असं कायदा म्हणतो. हा जाणकार माणूस कायद्यात कागदावरच असतो. इथे ऑफिसात आम्ही सगळे डिग्रीवाले डोकी खाजवत बसतो की त्याला काय सुचलं असतं. मला तर दर वेळी तुम्हीच दिसता, डोळ्यावर चष्मा चढवून बोअरमध्ये बघताना.

तेव्हा एवढं सांगा. कार्बाइडचं बटण, म्हणजे खाचांचा उलटा आकार असलेलं कठीण हत्यार, बोअरमधून ओढून खाचा उमटवतात. धातू कापला जात नाही, दाबला जातो, त्यामुळे नळीत ताण राहतो. मग बाहेरून टर्निंग करून नळी बारीक केली की आतलं बोअर खुलतं, तोंडाशी जास्त. हे छापील पुस्तकांतलंच आहे, विचारायला हरकत नाही. हायड्रॉलिक सिलिंडरच्या पातळ नळ्यांवर तुम्ही काम करायचात, तेव्हा असं व्हायचं का? आधी भट्टीत घालून ताण काढायचात, की कट हलके घेऊन सांभाळायचात? शेवटच्या कटाला किती थाऊ (इंचाचा हजारावा भाग) ठेवायचात?

फोनवर नको, आई मध्येच भाजीचा भाव सांगते. वहीत स्केच काढून फोटो पाठवा, आणि मापं सुतात नको, मिलिमीटरमध्ये लिहा. इथल्या पोरांना सूत कळत नाही.

आई, गुडघ्याच्या गोळ्या संपत आल्या असतील, कुरिअरने पाठवते. दिवाळीचं महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीट कन्फर्म झालंय. वरचा बर्थ मिळालाय, पण चालेल.

तुमची,
धाकटी