खुर्ची सरकवणाऱ्या हातांना

सकाळच्या योगवर्गात सगळ्यांच्या आधी येऊन सतरंज्या झटकून ठेवणारे तुम्ही कोण, मला अजूनही नीट ठाऊक नाही. गुडघा वाकत नाही म्हणून पहिल्याच दिवशी मी मागे फिरणार होते. तेवढ्यात कुणीतरी न बोलता खुर्ची सरकवली. शेजारून हळूच आवाज आला, "श्वास घेताना चार मोजा, सोडताना सहा." उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके जरा मंदावतात, हे नंतर कळलं. आता रांगेत उभी असतानाही मी तेच मोजते. (२१ जूनला योग दिन म्हणून वर्गात गर्दी उसळते, २२ ला आपण सातजणच, असो.)

दोन आठवडे आले नाही, तर दाराच्या फटीत चिठ्ठी: "बऱ्या आहात ना? तुमची खुर्ची ठेवलीय." खाली सही नव्हती. ज्यांनी लिहिली, त्यांचे मनापासून आभार. सोमवारपासून येतेय.