व्हिडिओ टाकला म्हणजे शिकवून झालं का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या आधी आमच्या ज्युनिअर कॉलेजात एक निर्णय झाला. बारावी कॉमर्सच्या कच्च्या पोरांसाठी सकाळी साडेसातला बीकेचा म्हणजे बुक कीपिंगचा जो जादा तास चालायचा तो बंद, त्याऐवजी आम्ही एकेका प्रकरणाचे व्हिडिओ रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकायचे, पोरं आपापल्या सोयीनं बघतील. कारण काय, तर आता सगळं जग ऑनलाइन शिकतंय आणि संशोधनानं पण ते सिद्ध झालंय. मी मीटिंगमध्ये विचारलं की कुठलं संशोधन, तर सगळे चहाकडे वळले. मग म्हटलं आपणच बघू काय सिद्ध झालंय ते, आणि सुट्टीत चिवडा खाता खाता जेवढं सापडलं तेवढं वाचलं. मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात खतावणी आणि तेरीज शिकवणारी बाई आहे, पण आकडे वाचायची सवय आहे म्हणून हे पत्र.

आधी माझा स्वतःचा अनुभव सांगते. २०२० मध्ये माझ्या ऑनलाइन वर्गात ६३ नावं दिसायची, सगळी म्यूट, सगळ्यांचे कॅमेरे बंद, आणि मी घरी तांदळाच्या डब्याला फोन टेकवून भागीदारी संस्थेची अंतिम खाती शिकवायचे. समजलं का विचारलं की दहा-अकरा "येस मॅम" यायचे, तेही रोज त्याच दहा-अकरांचे. एकदा तास संपल्यावर "आता लीव्ह करा" म्हणाले आणि मुद्दाम पाच मिनिटं तशीच बसून राहिले, तर नऊ नावं हलेचनात. म्हणून त्यातल्या एकाला फोन लावला तर आईनं उचलला, म्हणाली, "बाई, फोन हितं ठिवून पोरगा बागंत गेलाय, डिपिंग हाय आज." द्राक्षपट्ट्यात जीएचं डिपिंग, म्हणजे घड संजीवकाच्या पाण्यात बुडवायचं काम असलं की घरातलं एकही माणूस रिकामं नसतं, त्या पोराची काय चूक. पण हजेरीपटात तो हजर होता. महिनाभर हजर होता.

पुढं २०२१ ला परीक्षाच झाली नाही, दहावी-अकरावीचे मार्क आणि बारावीचं अंतर्गत मूल्यमापन धरून निकाल लावला, बारावीचा राज्याचा निकाल ९९.६३ टक्के आणि दहावीचा ९९.९५. आमच्याकडे ताळेबंद जुळला नाही की पोरं फरकाची रक्कम सस्पेन्स अकाउंटला टाकून मोकळी होतात, तसंच झालं ते. तो सस्पेन्स आम्ही अजून निस्तरतोय.

आता संशोधनाचं. कोविडमधल्या अभ्यासांचं म्हणाल तर ते बहुतेक एकाच सुरात रडतात, तिथं फार थांबत नाही. अझीम प्रेमजी विद्यापीठानं जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांतल्या सरकारी शाळांमधली १६,०६७ मुलं तपासली (महाराष्ट्र त्यात नव्हता), त्यातल्या ९२ टक्के मुलांना आदल्या वर्षी येणारं भाषेतलं किमान एक कौशल्य आता येत नव्हतं आणि गणितात हाच आकडा ८२ टक्के. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा वगैरे अर्थतज्ज्ञ मंडळींनी १५ राज्यं-केंद्रशासित प्रदेशांत गरीब वस्त्यांमधली साधारण १,४०० मुलं गाठली, तर खेड्यातली फक्त ८ टक्के मुलं नियमित ऑनलाइन शिकत होती. यावर लगेच लोक म्हणतात की फोन नव्हते, नेट नव्हतं म्हणून झालं ते, आता सगळ्यांकडे आहे. बरं, मग नेदरलँड्स बघा. तिथं घरोघरी ब्रॉडबँड आहे, शाळा आठच आठवडे बंद होत्या, साडेतीन लाख मुलांचे निकाल हाताशी होते, आणि निष्कर्ष काय निघाला तर पोरं साधारण तीन पर्सेंटाइल मागं पडली, म्हणजे शाळेच्या वर्षाच्या एक पंचमांश अभ्यासाएवढी. बंद पण तेवढाच काळ होत्या! म्हणजे घरी बसून जवळपास काहीच शिकली नाहीत, आणि ज्यांचे आईवडील कमी शिकलेले त्यांचं नुकसान ६० टक्क्यांपर्यंत जास्त. आणि फोन असण्याचं म्हणाल तर असर म्हणून खेड्यांतल्या मुलांच्या शिक्षणाची जी देशभर पाहणी होते तिच्या २०२१ च्या अहवालात ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, पण त्या घरांतल्याही चारातल्या एका मुलाच्या हाती तो लागत नव्हता. आमच्याच घरी एक फोन आणि एक लॅपटॉप, माझा तास नऊला आणि पोराचा साडेनऊला, ती ओढाताण मला कुणी सांगायला नको.

कोविड बाजूला ठेवला तरी चित्र फार बदलत नाही. अमेरिकेत पूर्णवेळ ऑनलाइन चालणाऱ्या चार्टर (सरकारी पैशावर पण स्वतंत्र कारभाराच्या) शाळा आहेत, आवडीनं प्रवेश घेतलेली मुलं, महामारी वगैरे काही नाही, त्यांचा स्टॅनफर्डच्या क्रेडो केंद्रानं २०१५ मध्ये अभ्यास केला. गणितात ही मुलं वर्षाला १८० दिवसांनी मागं, आणि तिथं शाळेचं वर्षच १८० दिवसांचं असतं. जणू पोरगं वर्षभर गणिताच्या तासाला गेलंच नाही. कॉलेजचं बघायचं तर वेस्ट पॉइंट, म्हणजे अमेरिकी लष्कराची अकादमी, तिथं २०२० मध्ये अर्थशास्त्राच्या वर्गासाठी कॅडेटना चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटलं, काही ऑनलाइन काही वर्गात, शिकवणारे तेच, अभ्यासक्रम तोच. ऑनलाइनवाल्यांच्या ग्रेड घसरल्या, आणि घसरण मुख्यतः आधीच कच्च्या असलेल्यांची. लष्करी शिस्तीतली पोरं ती, त्यांची ही गत. मग आमच्या साडेसातच्या तासाला कोण बसतं? कच्चीच ना. म्हणजे ज्यांना व्हिडिओ सगळ्यात कमी लागू पडतो नेमकं त्यांनाच आम्ही व्हिडिओ देणार, आणि हुशार पोरांचे तास मात्र वर्गात.

दुसरी बाजू पण आहे आणि ती सांगितली नाही तर खोटं होईल. अमेरिकेच्या शिक्षण खात्यानं २०१० मध्ये हजारावर अभ्यास चाळून एक मोठा आढावा काढला होता, त्यात ऑनलाइन शिकलेले थोडे सरस निघाले, आणि वर्ग अधिक ऑनलाइन असं मिश्र शिकलेले तर आणखी सरस. आमच्या मीटिंगमध्ये ज्यांनी ज्यांनी मान डोलावली त्यांनी बहुतेक याचीच कुठंतरी हेडलाइन वाचली असणार. पण त्याच आढाव्यात लिहिलंय की मिश्र पद्धतीत मुलांना जादा वेळ आणि जादा साहित्यही मिळालं होतं, त्यामुळं श्रेय माध्यमाला देता येत नाही, आणि शाळकरी मुलांवरचे अभ्यास तर त्यात हाताच्या बोटावर मोजण्याइतके. आम्ही करतोय ते मिश्र नाहीच ना, आम्ही एक तास काढून त्याजागी व्हिडिओ ठेवतोय.

दिल्लीत माइंडस्पार्क नावाच्या सॉफ्टवेअरचा अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला, कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांचा. ६१९ मुलं, लॉटरी काढून निम्म्यांना संधी, साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत दणकून फरक. हे उदाहरण टॅब विकायला येणारे एजंट हमखास देतात. पण ते सांगत नाहीत की ही मुलं घरी फोनवर शिकत नव्हती, आठवड्यातले सहा दिवस केंद्रावर यायची, ४५ मिनिटं कॉम्प्युटर आणि ४५ मिनिटं लहान गटात एका शिकवणाऱ्या माणसासमोर. आणि सॉफ्टवेअरची खरी करामत अशी की नववीतलं पोरगं गणितात पाचवीच्या आसपास असेल तर ते त्याला पाचवीचंच गणित द्यायचं. तिथं सरासरी नववीचं मूल साडेचार इयत्ता मागं होतं. माझा व्हिडिओ हे करणार का? तो तर सगळ्यांना सारखाच "नमस्कार विद्यार्थी मित्रहो" म्हणणार.

आता ज्या अभ्यासासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसले तो सांगते, आफ्रिकेतल्या बोट्स्वानाचा. २०२० मध्ये शाळा बंद पडल्यावर तिथं नोम अँग्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी तिसरी ते पाचवीची मुलं असलेली साधारण ४,५०० कुटुंबं घेतली आणि तीन गट पाडले. एका गटाला काहीच नाही. दुसऱ्याला दर आठवड्याला मोबाइलवर साधा मेसेज, त्यात दोन-चार गणितं. तिसऱ्याला तोच मेसेज अधिक शिकवणाऱ्याचा आठवड्यातून एक फोन, पंधरा-वीस मिनिटांचा, स्पीकरवर, पोर आणि पालक दोघं ऐकताहेत. स्मार्टफोन नाही, ॲप नाही, व्हिडिओ नाही. तर नुसत्या मेसेजनं धड फरक पडला नाही, आणि फोनवाली मुलं पुढं गेली. पुढं हाच प्रयोग भारत, नेपाळ, केनिया, फिलिपिन्स आणि युगांडा अशा पाच देशांत झाला आणि तिथंही फोन उपयोगी पडले, सरकारी शिक्षकांनी केले तरीसुद्धा.

हे वाचताना मला माझ्या मुलाच्या झेडपीच्या बाई आठवल्या. तो तेव्हा दुसरीत होता, आता सातवीत आहे. त्याचा ऑनलाइन तास म्हणजे "आवाज येतोय का" यातच निम्मा जायचा, पण या बाई आठवड्यातून दोनदा माझ्या फोनवर साधा कॉल करायच्या, दहाच मिनिटं. एकदा त्यांनी विचारलं, बावन्नातून सतरा गेले किती? हा म्हणाला पंचेचाळीस. मी बाजूला भाजी निवडत होते, माझ्या तोंडात "चूक" आलंच होतं, पण बाई म्हणाल्या, "बरं, कसे आले सांग." हा म्हणाला, सातातून दोन गेले पाच, पाचातून एक गेला चार. म्हणजे हे गृहस्थ वरचा आकडा कुठला खालचा कुठला बघतच नव्हते, मोठ्यातून लहान वजा करायचे, कुठं का असेना! आणि महिनाभर असंच चाललं होतं, मी आई, तीही अकाउंट्स शिकवणारी, माझ्या लक्षात आलं नव्हतं कारण निम्मी गणितं त्या पद्धतीनं बरोबरच यायची. बाई म्हणाल्या, "तुझ्याकडं दोन चॉकलेटं आहेत, मला सात कशी देशील?" हा थांबला. मग म्हणाला, आईकडून दहा आणीन. हातचा तिथं कळला त्याला. हे व्हिडिओत होत नाही, कारण व्हिडिओ विचारत नाही की कसे आले सांग.

मोठ्या मुलांचं वेगळं असतं, ती आपापली शिकतात, असं म्हणणारे आहेत. एमआयटी आणि हार्वर्डच्या फुकट ऑनलाइन कोर्सेसचा हिशेब २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी पूर्ण करणारे ३ टक्क्यांच्या आसपास. ज्यांनी सर्टिफिकेटसाठी पैसे भरले त्यांच्यातले मात्र ४६ टक्के. खिशातून पैसे गेले की माणूस बसतो, एवढंच त्यातून कळतं. आपल्याकडे पण यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयम या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन घेता येतात, चांगलंय, ज्या कॉलेजात विषयाला माणूसच नाही तिथं पोरांना आयआयटीचा प्राध्यापक ऐकायला मिळतो. पण जिथं माणूस आहे तिथं त्याला काढून व्हिडिओ बसवायला ते नियम नाहीत.

मी संस्थेला लेखी दिलंय की व्हिडिओ टाकायला माझी ना नाही, उलट पोरांना तो मागंपुढं करून बघता येतो, ते चांगलंच. पण त्याच्या जोडीला मला साडेसातच्या तासाच्या २३ पोरांना आठवड्यातून एकदा दहा-दहा मिनिटं फोन करायची मुभा द्या आणि ते तास माझ्या वर्कलोडमध्ये धरा, सगळे मिळून चार तास पण होत नाहीत. उत्तर आलं की फोन वर्कलोडमध्ये बसत नाहीत, रेकॉर्डिंग बसतं. शिक्षण खात्यातल्या कुणी हे वाचत असेल तर एवढंच सांगावं की का बसत नाहीत.

पहिला व्हिडिओ टाकून आज बारा दिवस झाले. ग्रुपवर मेसेज वाचलेले २१, व्हिडिओ बघितलेले ६, त्यातले दोन वेळा मीच, आवाज नीट आलाय का बघायला. परवा रात्री जेवणं झाल्यावर न राहवून एकाला फोन लावला. म्हणाला, "मॅडम, ताळेबंद दोन हजारानं चुकतोय, देण्याची बाजू कमी येतीय, तीनदा केलं." मी विचारलं, देणे मजुरी किती दिलीये समायोजनात? "दोन हजार." कुठं कुठं घेतलीस? "व्यापार खात्यात." आणि दुसरीकडं? बराच वेळ काहीच आवाज नाही (द्यायची राहिलेली मजुरी ताळेबंदात देण्याच्या बाजूलाही घ्यावी लागते), मग पानं उलटल्याचा आवाज, मग "आयला" आणि लगेच "सॉरी मॅडम". आठ मिनिटं लागली.

आपली,
एक वाचक, जि. सांगली