पैसे कोणाच्या नावावर जातात, ते आधी वाचा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आयपीएल जवळ आली की आमच्या गल्लीतली पोरे मला विचारतात, ‘काकू, हे बेटिंग अ‍ॅप भरवशाचं आहे का?’ बँकेत ठेवी आणि क्लिअरिंगच्या टेबलावर माझे उभे आयुष्य गेले, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. त्यांच्या मोबाइलवर फिरणाऱ्या ‘विश्वासू साइट’च्या याद्या मी नीट वाचल्या आहेत. पैसे किती मिनिटांत भरता येतात, विड्रॉल म्हणजे जिंकलेले पैसे किती वेळात हातात येतात, बोनस किती, एवढेच त्यांत असते. बँकेत आम्ही आधी विचारायचो, हा माणूस कोण, राहतो कुठे आणि पैसे बुडाले तर कोणाच्या दारात जायचे. याचे उत्तर त्या यादीत कुठेच सापडत नाही.

म्हणून मी पोरांना सांगते, पैसे पाठवू नका, पाठवायच्या आधी पडद्यावर येणारे नाव फक्त वाचून बघा. साइटचे नाव एक असते आणि यूपीआयवर नाव येते कुठल्या तरी ट्रेडर्सचे, नाही तर चक्क एखाद्या अनोळखी बाईचे. काही वेळाने पुन्हा पाहावे तर तिसरेच नाव. ही भाड्याची खाती. एखाद्या गरजूला थोडे पैसे देऊन त्याच्या नावावर खाते काढायचे आणि पासबुक, एटीएम कार्ड, सिम आपल्याकडे ठेवायचे, असा हा धंदा आहे. आमच्याकडच्या यंत्रमाग कामगारांनाही अशी विचारणा होते, हे मला त्यांच्याच घरच्यांनी सांगितले.

‘पण काकू, विड्रॉल तर आला ना!’ हा पोरांचा हुकमी एक्का. आमच्या शेजारच्या एका मुलाला खरेच आला होता, अठरा हजार रुपये. त्याने पेढे वाटले. पुढे पगाराच्या दिवशी एटीएममधून पैसे निघेनात. बँकेत गेल्यावर कळले की दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून त्याचे खाते गोठवले आहे. तिकडे कोणाची तरी फसवणूक झाली होती आणि ते पैसे चार खात्यांतून फिरत याच्या खात्यात जिंकलेली रक्कम म्हणून आले होते. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार गेली की पैसा ज्या ज्या खात्यांतून फिरला, त्यांची साखळी शोधली जाते, आणि त्या साखळीत शेवटी हा मुलगा होता. आईच्या औषधाचे पैसेही त्याच खात्यात अडकले. परराज्यातल्या पोलीस ठाण्याला मेल करायचे, कागद पाठवायचे आणि वाट बघायची. अ‍ॅपवाल्यांचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर तोवर बंद झाला होता. विड्रॉल वेळेवर आला, यावरून साइट भरवशाची ठरत नाही, हे मी या मुलाकडे पाहून ठासून सांगते.

दुसरा दाखला दिला जातो तो लायसन्सचा. साइटच्या तळाशी बारीक अक्षरात कुरासाओ लिहिलेले असते. कॅरिबियन समुद्रातले हे छोटे बेट नेदरलँड्सच्या राज्याचा भाग आहे. तिथे कित्येक वर्षे मोजके मूळ परवानाधारक इतरांना पोटपरवाने वाटत असत. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे नवा कायदा आला, पण त्या परवान्याने महाराष्ट्रात धंदा करायचा हक्क मिळत नाही आणि इचलकरंजीच्या मुलाची दादही तिथे लागत नाही. ब्रिटनसारख्या कडक देशातसुद्धा फुटबॉल इंडेक्स ही सट्ट्याची परवानाधारक कंपनी मार्च २०२१ मध्ये कोसळली आणि लोकांचे पैसे अडकले.

शिफारस करणाऱ्याचा फायदा कशात आहे, हेही बघावे. महादेव या सट्ट्याच्या अ‍ॅपच्या प्रकरणात ईडीने सांगितले की ‘पॅनल’ म्हणजे सट्टा चालवायच्या शाखा ओळखीच्यांना वाटून नफ्याची ७०-३० अशी विभागणी होत होती. म्हणजे जो ओळखीचा माणूस ‘आयडी घे, मी आहे ना’ म्हणतो, त्याची कमाई तुमच्या हरण्यावर चालते. २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने अशाच खेळात ५८ कोटी रुपये गेल्याची तक्रार दिली. त्यालाही लिंक ओळखीच्या माणसाकडूनच आली होती, असे तक्रारीत होते. आपल्याकडे मटक्याचा आकडा लावणाऱ्याला निदान बुकीचे घर माहीत असायचे.

बोनसचा हिशेब मी पोरांना कागदावर मांडून दाखवते. हजाराचा बोनस आणि तीसपट खेळायची अट, म्हणजे तीस हजारांच्या पैजा. दोन्ही संघांचा भाव १.९० असेल, म्हणजे जिंकल्यास रुपयाला एक रुपया नव्वद पैसे मिळत असतील, तर दोन्हींकडे शंभर-शंभर लावल्यावर हातात १९० येतात, म्हणजे शेकडा पाच गेले. तीस हजारांवर सरासरी दीड हजार जातात, तेव्हा कुठे हजाराला हात लावता येतो. ‘जिंकलेली रक्कम सोडवायला आधी टॅक्स भरा’ असा निरोप आला, तर तो सरळ लुबाडणुकीचा समजावा. असा कर कंपनीने जिंकलेल्या रकमेतून कापायचा असतो, खेळणाऱ्याने कोणाच्या यूपीआयवर पाठवायचा नसतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या सगळ्याच ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, म्हणून फसलेल्याने १९३० वर फोन करायला घाबरू नये. मी या कायद्याच्या बाजूची आहे. पण त्याचा एक परिणाम पोरांच्या लक्षात येत नाही. ज्या देशी कंपन्यांना पत्ता होता, संचालक होते, त्यांनी पैशांचे खेळ बंद केले. आता मोबाइलवर जे उरले आहे, त्याला पत्ताच नाही. त्यामुळे यातले भरवशाचे कोणते, याला माझे उत्तर ‘एकही नाही’ असे आहे.

माझ्या दोन विनंत्या आहेत. प्रत्येक बँकेने, विशेषतः आमच्यासारख्या औद्योगिक गावातल्या शाखांनी, खाते भाड्याने देणारा गुन्ह्यात अडकतो, असा फलक मराठीत दर्शनी भागात लावावा आणि नवे खाते उघडताना ते तोंडी सांगावे. आणि बेटिंग कंपन्या क्रीडाबातम्यांच्या साइटच्या नावाने ज्या आडून जाहिराती करतात, त्याविरुद्ध केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०२२ पासून वारंवार सूचना दिल्या आहेत. आपल्या दैनिकाने कागदावर आणि वेबसाइटवरही अशी एकही जाहिरात घेणार नाही, असे वाचकांना छापून कळवावे.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी, इचलकरंजी